चौरंगावरून सुटलेला चेंडू

ज्या चेंडूने मला आयुष्यभर जेवू घातलं, तो मी नोकरीत असेपर्यंत एकदाही हातात धरला नाही. तो नेहमी दुसरंच कोणीतरी फेकायचं. 'एक मुलगा जमिनीशी तीस अंशांचा कोन करून चेंडू फेकतो' एवढीच त्या मुलाची ओळख. त्याला नाव नाही, आईबाप नाहीत, शाळा नाही. तो कधी मनोऱ्यावरून फेकतो, कधी कड्यावरून, कधी चालत्या गाडीतून, आणि कोणीही त्याचा कान धरत नाही. पडलेला चेंडू आणायलाही कोणी जात नाही. पडला की प्रश्न संपला. सुरतेत अकरावी-बारावीच्या पोरांना फिजिक्स शिकवण्यात माझी नोकरी गेली, आणि त्यातला बराचसा काळ हा चेंडू हवेत होता.

संपादकांनी सांगितलं, 'अध्यापनातले प्रेरणादायी प्रसंग लिहा.' इथे एक खुलासा करायला हवा. मी कोचिंग क्लासमध्ये होतो. तिथे प्रेरणा देण्यासाठी वेगळा माणूस नेमलेला असतो. तो कानाजवळ माईक लावून येतो, आईबापांच्या कष्टांची आठवण देऊन पोरांना रडवतो आणि निघून जातो. मग डोळे पुसत असलेल्या त्या पोरांसमोर मी उभा राहायचो आणि म्हणायचो, "एक मुलगा चेंडू फेकतो."

बाहेरच्यांसाठी आमच्या धंद्याचं गुपित सांगून टाकतो. फेकलेला चेंडू एकाच वेळी दोन कामं करत असतो. तो पुढे जातो, आणि तो वर जाऊन खाली येतो. ही दोन कामं एकमेकांत नाक खुपसत नाहीत. पुढे जाण्याला कोणी अडवत नाही, म्हणून ते एकाच चालीने चालतं. वर जाण्याला पृथ्वी सतत खाली ओढते, म्हणून चेंडू मंदावतो, क्षणभर थबकतो आणि परत फिरतो. खाली यायला किती वेळ लागला ते काढायचं, मग तेवढ्या वेळात पुढे किती गेला ते काढायचं. एवढ्यावर माझं घर उभं राहिलं. प्रश्नाच्या शेवटी एक वाक्य मात्र ठरलेलं: हवेचा विरोध नगण्य माना. मे महिन्यात, वीज गेलेल्या वर्गात, एका बाकावर चार-चार पोरं बसलेली असताना हे वाक्य सगळ्यांना लगेच पटायचं. हवा नव्हतीच.

गिऱ्हाईकं दोन प्रकारची. एक, कापड मार्केटातले व्यापारी. ते धडा विकत घ्यायला आल्यासारखे यायचे. एका साडीवाल्या शेठजींनी मला विचारलं होतं, "मास्तर, ए बॉलवाळा चॅप्टरमांथी केटला मार्क आवे?" मी मार्क सांगितले. त्यांनी मनातल्या मनात भाव लावला आणि म्हणाले, "तो पछी एने बे वार भणावजो." दोनदा शिकवा. ज्या मालाला उठाव आहे तो जास्त ठेवावा, इतकं ते साधं होतं.

दुसरे आमच्या डिंडोलीकडचे, लूमवर काम करणारे, धुळे-नंदुरबारकडून आलेले. ते पोराला वर्गात सोडायला येत, दारातूनच फळ्याकडे बघत राहत. एकदा एकजण चपला काढून आत आले, फळ्यावरची माझी वाकडी रेघ बराच वेळ न्याहाळली आणि हळूच म्हणाले, "सर, मना पोऱ्या चेंडूच फेकत बसी, का नोकरीबी लागी?"

मी म्हटलं, "लागेल."

एरवी मी कुठलंही उत्तर पडताळल्याशिवाय देत नसे.

आमचे संचालक धर्मेशभाई. माणूस वाईट नव्हता. त्यांना शिक्षणाबद्दल खरोखर आस्था होती, फक्त ते नेमकं काय असतं याबद्दल चौकशी करायला त्यांना वेळ मिळाला नव्हता. त्यांनी 'सुपर सूत्रे' नावाची एक पुस्तिका काढली होती, खिशात मावणारी. तीत चेंडू किती दूर जाईल याचं एक सूत्र होतं. ते सूत्र बरोबर आहे, पण एका अटीवर: चेंडू ज्या उंचीवरून सुटला त्याच उंचीवर पडला पाहिजे. हाताखालची जमीन एकदम सखल झाली किंवा चेंडू गच्चीवरून फेकला, तर ते लागू नाही. ही अट मी लिहून दिली होती. छपाईत ती गेली, कारण त्या पानावर धर्मेशभाईंचा फोटो आला.

परिणाम असा झाला की चाचणीत गच्चीवरून चेंडू फेकण्याचा प्रश्न आला आणि उत्तरसूचीत तेच सूत्र वापरलेलं निघालं. म्हणजे आमच्या क्लासचा चेंडू वर जायचा, खाली यायचा, आणि गच्चीच्या उंचीला परत आला की तिथेच थांबायचा. हवेत. मी जाऊन सांगितलं, तर धर्मेशभाई म्हणाले, "साहेब, की तो छपाई गई." उत्तरसूची छापली गेली होती. पृथ्वीने थोडं समजून घ्यायला हवं होतं.

हे एवढं सूत्रपुराण सांगायचं कारण म्हणजे वंदनाताईंची लॅब.

वंदना बोरसे. अमळनेरकडच्या. क्लासच्या मागच्या बाजूला जिन्याखाली एक लांबट खोली होती, तिला आम्ही लॅब म्हणायचो, आणि ती सबंध वंदनाताईंनी उभी केलेली होती. लोलक, भिंगं, स्प्रिंगा, घसरणारे ठोकळे. बरंचसं सामान उधन्याच्या भंगारवाल्यांकडून आणलेलं. त्यांचा नवरा हजिऱ्याला कंत्राटी कामावर, कधी काम असे, कधी नसे. घर वंदनाताईंच्या पगारावर चाले, आणि पगार त्या खोलीवर.

धर्मेशभाईंनी नवी शाखा काढायचं ठरवलं तेव्हा नकाशा टेबलावर पसरला. चकचकीत चार मजले. काउन्सेलिंग लाउंज होतं, व्हिडिओ स्टुडिओ होता, पालकांसाठी कॉफीचं यंत्र होतं. जुनी जागा सोडून सगळं तिकडे जाणार होतं. वंदनाताईंनी नकाशावर बोट फिरवत विचारलं, "आणि लॅब?"

"बेन, आजकल प्रयोग व्हिडिओमां देखाडाय छे. एकदम एचडी."

"व्हिडिओत प्रयोग चुकत नाही, भाई," वंदनाताई म्हणाल्या. "मग मुलं शिकणार काय?"

धर्मेशभाईंना वाटलं की वंदनाताई व्हिडिओची स्तुती करतायत. पण माझा चेहरा बघून ते थोडे नरमले. थोडा विचार करून त्यांनी तोडगा काढला. उद्घाटनाला सगळ्यांसमोर काहीतरी 'लाइव्ह' करून दाखवा. प्रमुख पाहुणे खूश झाले तर दुसऱ्या मजल्यावर लॅबला खोली. नाहीतर व्हिडिओ. प्रमुख पाहुणे म्हणजे एक बिल्डर. त्या भागात कुठेही नारळ फुटला तर त्यांच्याच हातून, अशी परिस्थिती होती.

वंदनाताईंनी चेंडू निवडला. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "सर, तुमचाच."

त्यांच्या भावाने लूमच्या कारखान्यातून एक टाकाऊ, दणकट स्प्रिंग आणून दिली. प्लास्टिकच्या जाड नळीत ती बसवली, मागे खटका लावला, बाजूला कोनमापक आणि ओळंबा. नळी पंचेचाळीस अंशांवर रोखून एका स्क्रूने आवळायची, खटका ओढायचा, की रबरी चेंडू उडून स्टेजपलीकडे टीपॉयवर ठेवलेल्या पितळी घागरीत पडायचा. गवंडी वापरतात तशी पाण्याची पारदर्शक नळी घेऊन त्यांनी यंत्राचं तोंड आणि घागरीचं तोंड एका पातळीत आणलं. म्हणजे धर्मेशभाईंच्या सूत्राची हरवलेली अट त्यांनी जमिनीवर पाळून दाखवली होती. उद्घाटनाच्या दिवशी सकाळी तालीम केली. चेंडू घागरीत पडला की 'टण्' असा आवाज यायचा. झाडू मारणारी बाईसुद्धा थांबून टाळ्या वाजवून गेली.

आम्ही दोघं खाली चहा प्यायला गेलो. एवढीच गफलत.

परत आलो तर यंत्र चौरंगावर बसलेलं. त्याला बाजोठ म्हणतात इकडे. लाल कापड घातलेला, चांगला फूटभर उंच. यंत्राच्या कपाळी कुंकू, अक्षता, गळ्यात झेंडूचा घसघशीत हार. महाराज आरती आटपून ताट बाजूला ठेवत होते.

"हे कोणी वर ठेवलं?" वंदनाताईंचा आवाज चिरकला.

धर्मेशभाई हात जोडून उभे होते. "पूजा वगर मशीन चालू करवानुं, बेन? अपशुकन थाय."

"भाई, उंची बदलली! खाली घ्या, आत्ताच्या आत्ता."

"ए तो हवे न हलावाय." आरती झालेली वस्तू पाहुणे जाईपर्यंत हलवायची नाही.

वंदनाताई माझ्याकडे वळल्या. त्यांचं ऑफिसातलं मराठी गळून पडलं. "सर, आते काय करानं?"

मी हिशेब केला. त्यात मोठं काही नव्हतं. पंचेचाळीस अंशांनी वर गेलेला चेंडू खाली येतानाही जवळपास तितकाच तिरका येतो. त्यामुळे जितका उंच उचलला, साधारण तितकाच पुढे जाऊन पडणार. फूटभर वर, तर फूटभर पुढे. घागरीचं तोंड वीतभर. चेंडू घागरीवरून दिमाखात निघून जाणार होता.

"कोन बदलू," मी म्हटलं.

आम्ही स्क्रूकडे गेलो. स्क्रूला लाल धागा बांधलेला होता, पाच-सात वेढे देऊन, वर गाठ. महाराजांनी दुरूनच बोट हलवून 'नाही' अशी खूण केली.

"मग घागर मागे सरकवू."

घागरीभोवती तोवर फुलांची रांगोळी घातली गेली होती. टीपॉयच्या पायांसकट. रांगोळी काढणाऱ्या दोन मुली अजून शेवटच्या पाकळ्या लावत होत्या. आमच्याकडे त्यांनी अशा नजरेने पाहिलं की मी घागरीचा नाद सोडला.

फिजिक्सच्या पुस्तकात राशी दोन प्रकारच्या असतात, बदलणाऱ्या आणि स्थिर. बदलणारी राशी स्थिर कशी होते हे पुस्तकात दिलेलं नाही. तिची पूजा केली की होते.

बाहेर बँड वाजायला लागला. पाहुणे आले होते. वंदनाताई यंत्रापाशी उभ्या होत्या, पदराचं टोक बोटाला गुंडाळत. मी त्यांना सांगणार होतो की यंत्र बिघडलंय असं जाहीर करू. तेवढ्यात त्यांचं बोट थांबलं. त्या घागरीच्या पलीकडे बघत होत्या. तिथे पाहुण्यांसाठी पांढराशुभ्र सोफा होता, घागरीपासून बराच मागे.

"सर," त्या हळूच म्हणाल्या, "कुंकू न लागलेली एकच वस्तू उरलीय."

मला समजायला एक क्षण लागला. मग मी फोटोग्राफरला गाठलं. म्हटलं, "सोफा फार मागे आहे. साहेब आणि घागर एका फोटोत कसे येणार?" फोटोग्राफरने डोळे बारीक केले, दोन्ही हातांची चौकट करून बघितली आणि ओरडला, "सोफो आगळ लो! हजी आगळ!" दोघा पोरांनी सोफा रांगोळीच्या जवळ आणला. वंदनाताईंनी यंत्राच्या मागून एक डोळा मिटून बघितलं आणि हाताने खूण केली: अजून थोडा. फोटोग्राफरला वाटलं, खूण त्याच्यासाठी आहे. त्याने अंगठा दाखवला.

पाहुणे बसले. शाल पांघरली गेली आणि ती त्यांच्या मांडीवर ऐसपैस पसरली. पाच भाषणं झाली. एका वक्त्याने प्राचीन भारतात चेंडूचं गणित कसं अवगत होतं ते सांगितलं. मी लक्ष देऊन ऐकलं, पण त्यांनीही अट सांगितली नाही. मग धर्मेशभाईंनी माईक घेऊन जाहीर केलं, "हवे विज्ञाननो चमत्कार!"

वंदनाताईंनी खटका ओढला.

चेंडू हाराच्या दोन झेंडूच्या पाकळ्या घेऊन निघाला. वर गेला, थबकला, वळला, घागरीवरून फूटभर पलीकडे गेला आणि बिल्डरसाहेबांच्या मांडीवरच्या शालीत अलगद पडला.

साहेबांनी खाली बघितलं. चेंडू उचलला. वर बघितलं. मग त्यांचा चेहरा उजळला.

"सीधो खोळामां!" ते ओरडले. थेट मांडीत! "वाह! घडामां तो कोई पण नाखे, आ तो माणस ओळखे छे!" घागरीत तर कोणीही टाकेल, हा चेंडू माणूस ओळखतो.

टाळ्यांनी छत हललं. धर्मेशभाई डोळे पुसत माईकवर म्हणाले की हे सगळं आधीच ठरलेलं होतं. ते अनवधानाने खरं बोलत होते. लॅबला दुसऱ्या मजल्यावर खोली मिळाली, खिडकीसकट.

दुसऱ्या दिवशी वर्गात रोशनी नावाची मुलगी उभी राहिली. घर मराठी, पण शंका विचारताना हिंदीत शिरायची. "सर, वो गलत गया था ना?"

"कशावरून?"

"घडा किसलिए रखा था फिर?"

एवढ्या मोठ्या सभागृहात हा प्रश्न फक्त तिला पडला होता. माझ्या नोकरीतलं समाधान मोजायचं झालं तर मी ते एक वाक्य मोजेन. मी तिला वंदनाताईंकडे पाठवलं आणि जाताना सांगितलं, "चौरंगाची उंची मोजून घे."

आता खेदाची गोष्ट. खोली मिळाली, पण तिला कुलूप लागलं. धर्मेशभाईंच्या मते लॅबचं काम उद्घाटनं करणं. पुढच्या शाखा ठरत होत्या, प्रत्येक ठिकाणी चेंडू प्रमुख पाहुण्यांच्या मांडीत पडायला हवा होता. त्या दिवशीच्या व्हिडिओला गावभर बघणारे मिळाले होते. वेळापत्रकात मुलांसाठी 'प्रॅक्टिकल' नावाचा तास मात्र कुठेच नव्हता. वंदनाताई महिनाभर कुलपाची किल्ली कनवटीला लावून फिरत होत्या. मग एके दिवशी त्या केबिनमध्ये गेल्या. मी तिथेच होतो.

"भाई, पाहुण्यांच्या मांडीत चेंडू पाडायचा तर रिहर्सल लागेल."

"करो ने. केटली?"

"चेंडूचा भरवसा नाही. रोज."

"रोज?"

"पाहुणे जाड असतात, बारीक असतात. कोणी मांडी घालतं, कोणी पाय पसरतं. कोणाच्या तोंडावर बसला म्हणजे?"

धर्मेशभाईंच्या डोळ्यांसमोर तो व्हिडिओही येऊन गेला असावा. "रोज करो," ते घाईने म्हणाले.

"आणि मदतीला मुलं लागतील. बॅचच्या बॅच."

तेव्हापासून आमच्या वेळापत्रकात 'रिहर्सल' असा तास छापला जाऊ लागला. चेंडूची रिहर्सल झाली, मग लोलकाची झाली, भिंगाची झाली. पाहुण्यांचा आणि भिंगाचा काय संबंध, हे धर्मेशभाईंनी विचारलं नाही. विचारलं असतं तर वंदनाताईंकडे उत्तर तयार होतं. मला ते त्यांनी सांगितलंय, पण इथे छापण्याजोगं नाही.

मी निवृत्त झालो. निरोपाला मला शाल, नारळ आणि 'सुपर सूत्रे'ची सुधारित आवृत्ती मिळाली. तीतही अट नव्हती, कारण फोटो आता रंगीत झाला होता.

मागच्या वर्षी इच्छापोरच्या बाजूला त्यांची आणखी एक शाखा उघडली. मला मागच्या रांगेचं आमंत्रण होतं. कार्यक्रम सुरू व्हायच्या बेतात असताना धर्मेशभाई धावत माझ्याकडे आले. बिल्डरसाहेबांना दुसरीकडे जास्त मोठा नारळ मिळाला होता.

"वैद्यसाहेब, तमे बेसी जाव ने सोफा पर."

"मी? प्रमुख पाहुणा?"

"खोळो तो जोईए ने, साहेब." शेवटी मांडी तर हवी.

मी मांडी घेऊन गेलो. यंत्र चौरंगावर होतंच, हार, कुंकू, लाल धागा सगळं जागच्या जागी. समोर घागर, फुलांची रांगोळी. वंदनाताई कोपऱ्यात हाताची घडी घालून उभ्या होत्या आणि यंत्राला हात लावत नव्हत्या. सगळं मुलं करत होती. एक मुलगी मोजपट्टी घेऊन माझ्याकडे आली, माझ्या गुडघ्याची उंची मोजली, मागे वळून कोणालातरी आकडा सांगितला. तिकडून उत्तर आलं, "चार बोट आगळ!" दोघांनी मला सोफ्यासकट चार बोटं पुढे ढकललं. कोणी 'सर, माफ करा' म्हटलं नाही. मी त्यांच्या गणितातला एक आकडा होतो. इतका मान मला निरोपसमारंभातही मिळाला नव्हता.

खटका ओढला गेला. मी चेंडू येताना बघत होतो. फळ्यावर ती वाकडी रेघ मी आयुष्यभर काढली, पण तिच्या टोकाला बसून कधी बघितली नव्हती. तो वर गेला, थबकला. हवेचा विरोध होता, मला दिसला, अगदी थोडा. घागरीवरून पुढे आला. तो मांडीवर टेकायच्या आत मी दोन्ही हात पुढे केले.

रबरी, जरा खरबरीत, झेंडूचा वास असलेला. वाटला होता त्यापेक्षा जड.

टाळ्या चालू होत्या. धर्मेशभाई माईकवर माझं नाव चुकीचं सांगत होते. मोजपट्टीवाली मुलगी परत आली आणि तिने माझ्यासमोर हात पसरला.

"सर, बॉल द्या. उद्या रिहर्सल आहे."